चिंचणीचा ताम्रपट आणि तारापूरची आळी

श्रोतेहो, बोईसर स्टेशनावर उतरून आपण पश्चिमेची वाट धरली की प्रथम कारखाने लागतात. धुराडी, टँकर, कामाच्या पाळीवर निघालेली माणसे, हे सारे मागे पडले की वारा खारट होतो, ताडामाडांची झाडे दिसू लागतात आणि तारापूर येते. गावाच्या उत्तरेला खाडी आहे. खाडी ओलांडली की चिंचणी. इकडे तारापूर, तिकडे चिंचणी. सोयरीक दोन्हीकडे, बाजारहाट दोन्हीकडे. पण सरकारी दप्तरात तारापूर पालघर तालुक्यात आहे आणि चिंचणी डहाणू तालुक्यात. ही तालुक्याची रेघ लक्षात असू द्या, पुढे तिचे काम पडणार आहे.

आज बोलायचे आहे ते जुन्या घरांविषयी आणि जुन्या आळ्यांविषयी. ऐतिहासिक वास्तू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो. यात कोणाचा दोष नाही. या किनाऱ्यावर किल्ले आहेतच तसे. अर्नाळा, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू, आणि या सगळ्यांचा थोरला म्हणजे वसई. तारापूरचा कोट पोर्तुगीजांचा. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तो घेतला. झुंज फार कडाक्याची झाली. बाजी भिवराव रेठरेकर या लढाईत पडले. पुढे मे महिन्यात वसई पडली आणि उत्तर कोकणातील फिरंगी अंमल संपला. ही गोष्ट शाळेतल्या मुलांना पाठ असते, असावीही.

पण मंडळी, कोट घेतल्यावर पुढे काय झाले? पेशवाईच्या अखेरीअखेरीस हाच कोट विकाजी मेहेरजी या तारापूरच्या पारशी सावकाराला इनाम मिळाला. हे घराणे सामान्य नव्हे. हैदराबादेत निजामाच्या राज्यात त्यांची पेढी होती. म्हणजे ज्या तटावर तोफा होत्या त्याच्या आत झाडे लागली, विहिरींचे पाणी बागेला जाऊ लागले. तटाबाहेर पारशांची घरे, अग्यारी, व्यापाऱ्यांच्या वखारी, कोळ्यांचे, भंडाऱ्यांचे, वाडवळांचे मोहल्ले उभे राहिले. लढाई काही दिवसांची. ही वस्ती दोनशे वर्षांची आहे. इतिहास मोजायचा तर वस्तीचे माप मोठे भरेल, असे आपले मला वाटते.

आता खाडीपलीकडे चला. चिंचणीस जुने ताम्रपट सापडले. डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये छापले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे सन ९२६ चा आहे. राज्य राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याचे. संजाणच्या मंडलावर नेमलेला अधिकारी मात्र ताजिक, म्हणजे अरब. त्याचे नाव ताम्रपटात ‘मधुमती’ असे संस्कृत रूपात आले आहे. मुहम्मद या नावाचेच ते रूप, असे अभ्यासक मानतात. या अधिकाऱ्याने नदीवर फुकट तर घातली आणि अन्नछत्र चालवले, असे ताम्रपट सांगतो. आणि त्याच्या संमतीने एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठाला एक गाव लावून दिले. कशासाठी? देवीच्या नैवेद्यासाठी, माणसांच्या जेवणासाठी आणि मठाच्या डागडुजीसाठी.

डागडुजीसाठी, बरे का! अकराशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाला एवढे ठाऊक होते की वास्तू नुसती पुण्याने उभी राहत नाही. दर पावसाळ्याला तिचे काहीतरी पडते, कुजते, गळते, आणि त्याला पैसा लागतो. म्हणून वास्तूबरोबर उत्पन्न नेमून द्यायचे. ही गोष्ट आपल्या आजच्या कायद्यांच्या शेजारी ठेवून पाहू.

आपल्याकडे प्राचीन स्मारकांचा केंद्राचा कायदा १९५८ चा आहे, राज्याचा १९६० चा. वसईचा किल्ला केंद्राच्या रक्षणाखाली येतो. २०१० साली केंद्राचा कायदा अधिक कडक झाला. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद, आणि त्यापलीकडे आणखी २०० मीटर परवानगीवाचून काही करायचे नाही. स्मारकाचा जीव यामुळे वाचतो हे खरेच. पण हा कायदा स्मारकाभोवती रिंगण काढतो. रिंगणात राहणारा माणूस त्याला अडथळा वाटतो. आळी ही स्मारक नसते. आळीत माणसे राहतात. तिथे पापड वाळतात, जाळी विणली जातात, पोरे अभ्यास करतात. चिंचणी, वरोर, वाढवण या भागात कितीतरी घरांत दागिन्यांचे साचे, म्हणजे डाय, कोरणारे कारागीर बसतात. एका घराला पाटी लावून असल्या वस्तीचे रक्षण होत नाही, आणि सगळ्या वस्तीला कुलूप लावून तर मुळीच होत नाही.

म्हणून जगात दुसरी एक रीत निघाली. इंग्लंडात १९६७ साली कायदा झाला की एकेक इमारत न धरता सबंध भागच जतनाचा भाग म्हणून जाहीर करावा: रस्ता, घरांची रांग, मधला चौक, झाडे, सगळे मिळून. त्याच वर्षी स्टॅमफर्ड नावाचे जुने बाजारगाव असा पहिला भाग ठरले. आज तिथे असे सुमारे दहा हजार भाग आहेत. अशा भागात घर पाडायचे तर आधी परवानगी लागते. झाड तोडायचे असले तर सहा आठवडे आधी कळवावे लागते. माणसे मात्र राहती असतात, दुकाने चालू असतात, घरांत नवे नळ आणि नवी वीज येते. भागाचा तोंडवळा मोडायचा नाही, एवढाच हट्ट.

आपल्याकडे ही कल्पना मुंबईने उचलली. १९९५ साली तिथे वारसा नियमावली झाली आणि इमारतींबरोबर ‘वारसा परिसर’ही यादीत आले. गिरगावातली खोताची वाडी हे त्यातले नाव घेण्यासारखे उदाहरण. लाकडी जिने, ओसरी, रंगवलेले कठडे असलेली घरे. ती ईस्ट इंडियन कुटुंबांनी बांधलेली. नाव ऐकून आपल्या वसईची आठवण होणारच. परंतु खोताच्या वाडीतली जी पासष्टएक घरे सांगितली जातात, त्यांतली निम्म्याहून कमी आज उरली आहेत. यादीत नाव घातले, पण शाकारणीला पैसा कोण देणार, भाऊबंदांत वाटणी झाल्यावर घराचे काय, शेजारी मजल्यावर मजले चढत असताना एकट्याने जुन्या घराला कवटाळून का बसावे, याची उत्तरे यादीत नव्हती. सन ९२६ चा ताम्रपट लिहिणारा या बाबतीत आपल्यापुढे होता म्हणायचा.

आता ती तालुक्याची रेघ. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने सबंध डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. बागा, हिरवे पट्टे, आदिवासींच्या जमिनी जशा आहेत तशा राखायच्या, जमिनीचा वापर बदलायचा नाही. कारखान्यांना सबंध तालुक्यात मिळून ५०० एकरांची मर्यादा. आणि तालुक्याबाहेर २५ किलोमीटरांच्या पट्ट्यातही उद्योगांना आवर. म्हणजे खाडीच्या उत्तरेची चिंचणी राखीव तालुक्यात, दक्षिणेचे तारापूर बाहेरच्या पट्ट्यात. एकाच खाडीच्या दोन काठांना दोन न्याय!

या अधिसूचनेचे पुढे काय झाले ते शिक्षक मंडळींनी मुलांना जरूर सांगावे. कागद निघाला म्हणून कोणी थांबले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९६ साली न्यायालयाच्या आदेशाने एक प्राधिकरण बसले. मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि २०१९ च्या जानेवारीत निधन होईपर्यंत, वीस वर्षांहून अधिक काळ, या कामाशी त्यांचे नाव जोडलेले राहिले. गाऱ्हाणे घेऊन जायला एक दार होते. माझ्या मते अधिसूचनेपेक्षा या दाराचा उपयोग मोठा झाला. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बागा टिकल्या म्हणूनच ते मिळाले, नाही का?

पण या अधिसूचनेची नजर झाडावर होती, घरावर नव्हती. चिकूची बाग राखीव, तिच्या कडेचे शंभर वर्षांचे कौलारू घर मात्र ज्याचे त्याने बघावे. आणि खाडीच्या दक्षिणेला तर दोन्हींना वाली नाही.

मागे एकदा तारापुरात एका आजींच्या ओटीवर बसलो होतो. घर मोठे देखणे. सागवानी खांब, तुळईवर नक्षी, माजघरात दुपारीही गारवा. मी आपला कौतुक करीत होतो. आजींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही तुळई बघता, मी वर बघते. कौले चाळायला माणूस मिळत नाही. सुतार येतो तो म्हणतो, पाडा आणि स्लॅब घाला. मुलगा बोईसरला ब्लॉकमध्ये राहतो. तुमचे सरकार घराला नाव देईल, पण पावसात माझ्या डोक्यावर बादली कोण धरील?” मला उत्तर देता आले नाही. ज्यांना परिसर जाहीर करायचे आहेत त्यांनी आधी या ओटीवर येऊन बसावे.

घाई कशासाठी, असे कोणी विचारील. तर पाहा. अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले. पुढे तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे हलली. घरांचा मोबदला ठरवता येतो. देवळाकडे जाणारी वाट, विहिरीवरची बैठक, कोणाच्या घराला कोणाची भिंत लागून आहे, हे कोणत्या पंचनाम्यात लिहायचे? १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, जमिनीला भाव आला. त्याआधीच, २०१३ पासून, मुंबईची लोकल डहाणूपर्यंत धावू लागली होती. आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी चिंचणीच्या शेजारी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ७६ हजार कोटींचे काम. बंदर हवे की नको हा वाद मोठा आहे, त्याला पाच-पंधरा मिनिटे पुरायची नाहीत. पण रस्ते रुंद होणार, गोदामे येणार, गावठाणावर चाळी-इमारतींची नजर जाणार, हे वादातल्या दोन्ही बाजू मान्य करतील.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत पालघर जिल्ह्यातला एकही नाही. वाईट वाटले ना? मला त्याहून वाईट याचे वाटते की आपल्याच आळ्यांची यादी आपल्याच हाती नाही.

कायद्यात जागा नाही असेही नाही. १९६६ चा नगररचना कायदा सांगतो की विकास आराखड्यात ऐतिहासिक आणि वास्तुदृष्ट्या मोलाच्या जागा राखण्याची तरतूद करता येते. २०२० साली बहुतेक महाराष्ट्राला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. वारसा इमारती आणि वारसा परिसर यांची यादी करण्याची सोय तीतही आहे. शिवाय गावठाणात घर बांधायचे तर कागद ग्रामपंचायतीच्या दारातूनच जातो. मात्र यादी करा असे कोणी म्हटले की साहेब विचारतात, माहिती कुठे आहे?

तर शिक्षकांनो, ही माहिती तुमच्या सहावी-सातवीच्या मुलांना दोन रविवारांत गोळा करता येईल. एक वही घ्यावी. एक आळी धरावी, सगळा गाव नको. प्रत्येक घराचे एक पान. घर अंदाजे कोणाच्या आजोबा-पणजोबांनी बांधले; भिंत विटेची, दगडाची की कुडाची; छपराला कौल कुठले; खांब किती; ओटी आहे की भिंत घालून बंद केली; घरात कोणता धंदा चालतो. विहीर, तळे, पार, अग्यारी, मशीद, देऊळ, कोळ्यांची जाळी वाळवायची जागा, यांनाही पान द्यावे. पालघर गावातल्या मंडळींनी १४ ऑगस्ट १९४२ च्या पाच हुतात्म्यांचा चौक धरून भोवतालची घरे लिहावीत. मोर्चा कोणत्या वाटेने आला ते सांगणाऱ्यांची मुले-नातवंडे अजून आहेत. चित्र काढणारा मुलगा वर्गात असतोच, त्याला दारांच्या चौकटी काढू द्याव्यात.

आणि प्रत्येक पानाच्या शेवटी आजींचा प्रश्न लिहावा: या घराला यंदा काय डागडुजी लागणार, अंदाजे किती खर्च येईल, आणि ते काम जाणणारा सुतार किंवा गवंडी जवळ कुठे आहे. हा रकाना कोऱ्या पानाने सोडू नये, कारण परिसर जाहीर करायची वेळ आली की घरमालक पहिली गोष्ट हीच विचारणार; आणि घरपट्टीत सूट मागायची, ग्रामनिधीतून कौलांना मदत मागायची, तर आकडा हाती लागेल तो इथूनच.

तारापूरच्या शाळेने खाडीच्या दक्षिणेची वही करावी, चिंचणीच्या शाळेने उत्तरेची. मग दोन्ही वह्या एकत्र शिवाव्यात. तालुके वेगळे असले तरी दोरा एकच चालतो. एक प्रत शाळेत ठेवावी, एक ग्रामपंचायतीत द्यावी, एक पालघरला जिल्हाधिकारी कचेरीत. देताना पोच मात्र मागून घ्यावी.