झाकोपानेची सहल ‘स्वस्त’ कधी झाली?

पोलंडमधल्या झाकोपाने या डोंगरगावी कमी खर्चात कसं जायचं, याचं उत्तर आज दोन मिनिटांत मिळतं. क्राकोवहून बस किंवा रेल्वे पकडा, शाळांच्या हिवाळी सुट्ट्या आणि ऑगस्ट टाळा, हॉटेलऐवजी कोणाच्या तरी घरातली खोली घ्या, रोपवेऐवजी पायी चढा. हाच प्रश्न इतिहासाला विचारला की मात्र घोडं अडतं. ही सहल स्वस्त झाली कधी? माझ्या पहिल्या टिपणात मी बेधडक लिहिलं होतं: १८९९ मध्ये, रेल्वे आली तेव्हा. मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहून कागद परत केला. ‘कोणासाठी?’

आधी रेल्वेपूर्वीचं बघू. तेव्हा पोलंड नावाचं राज्यच नकाशावर नव्हतं. झाकोपाने ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिशियात, तर वॉर्सा रशियाकडे. म्हणजे वॉर्साच्या माणसाला आपल्याच भाषेच्या डोंगरात जायला पासपोर्टचा खटाटोप. क्राकोवपासून अंतर साधारण शंभर किलोमीटर, आणि ते काटायला कापडी छताच्या घोडागाडीतून दोन दिवस. गाडी हाकणारे बहुधा गुराले, म्हणजे तिथले डोंगरी शेतकरी. गावात दूध, बटाटे, ओटची भाकरी मिळे. शहरी जिभेला लागणारं बाकीचं बरोबर न्यावं लागे.

१८७३ मध्ये वॉर्साचे नावाजलेले डॉक्टर टायटस हाउबिन्स्की इथे आले. त्या वर्षी गावात कॉलऱ्याची साथ होती, तिच्याशी ते झगडले, आणि पुढे झाकोपानेच्या हवेची ख्याती शहरांत पसरवण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. त्याच वर्षी तात्रा पर्वतासाठीची संस्थाही स्थापन झाली. तिने वाटा बांधल्या, निवारे उभे केले, वाटाड्यांना परवाने दिले. त्याआधी, १८७० मध्ये, वालेरी एल्याश या चित्रकाराची सचित्र प्रवास मार्गदर्शिका आली होती.

मी अडकलो तो इथेच. प्रवास मार्गदर्शिका हे फार मोहात पाडणारं साधन आहे. कुठून निघावं, काय बरोबर घ्यावं, कुठे उतरावं, सगळं तयार मिळतं. आपल्याला वाटतं, चला, प्रवासखर्चाचा इतिहास हाती लागला! पण मार्गदर्शिका म्हणजे खानावळीचं दरपत्रक. कोण जेवलं, कोणी घासाघीस केली, कोण दारातूनच परत गेलं, हे त्यावर नसतं. आकडा ‘द्यावा’ असा असतो, ‘दिला’ असा नसतो. दिलेला आकडा शोधायचा तर पत्रं, खासगी जमाखर्चाच्या वह्या, रोजनिशा धुंडाळाव्या लागतात. आणि वही कोण लिहून ठेवतं? ज्याच्याकडे लिहिण्याइतका खर्च असतो तो.

आता रेल्वे. १८८४ पासून आगगाडीने हाबुव्कापर्यंत येता येऊ लागलं, पुढचा चाळीसेक किलोमीटरचा टप्पा घोडागाडीचाच. १८९९ मध्ये हाबुव्का ते झाकोपाने रूळ पडले आणि दोन दिवसांचा प्रवास एका दिवसात आला. माझं जुनं विधान अगदीच खोटं नव्हतं. चूक होती ती मापाच्या एककात. पूर्वी इतकं हाल सोसून आलेला माणूस चार दिवसांत परतत नसे. लोक आठवडेच्या आठवडे, कधी अख्खा उन्हाळा राहत. रेल्वेमुळे छोटी सहल शक्य झाली. म्हणजे माणशी एकूण खर्च कमी झाला असेल, पण मुक्कामाचा दर दिवसाचा खर्च त्याच प्रमाणात उतरला असं त्यातून सिद्ध होत नाही. ‘स्वस्त’ म्हणताना मी यातलं काय मोजत होतो? खरं सांगायचं तर काहीच नाही, नुसतं तिकीट बघत होतो.

आणि तिकीट परवडलं तरी सुट्टी कुठे होती? स्वतंत्र पोलंडने पगारी रजेचा कायदा केला तो १९२२ मध्ये. कारखान्यातल्या कामगाराला एक वर्षाच्या नोकरीनंतर ८ दिवस, तीन वर्षांनंतर १५; कारकुनी आणि बौद्धिक काम करणाऱ्याला वर्षभरानंतर एक महिना. याच आकड्यांनी माझं प्रकरण उलटंपालटं केलं. गाडी एकच, तिकीट एकच, पण कारकुनाच्या हाताशी असलेले दिवस कामगाराच्या कितीतरी पट. वाहतुकीचा इतिहास लिहायला बसलो होतो आणि कामगार कायद्याची पानं उलटत होतो. संशोधनात असं झालं की घाबरू नका. बहुतेक वेळा आपण योग्य दाराशी आलेलो असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिसरा टप्पा. समाजवादी राजवटीत १९४९ मध्ये कामगार सुट्टी निधी स्थापन झाला. विश्रामगृहं त्याच्या ताब्यात, जागा कामगार संघटनांच्या सभासदांना सवलतीत. आता तरी सहल सर्वांची झाली? इथे पुन्हा तोच समासातला शब्द. खासगी शेती करणारा माणूस कामगार संघटनेत नसे, म्हणून या सवलतीतही नसे. झाकोपानेचे गुराले मुळात शेतकरीच. ज्यांच्या गावात देशभरातले लोक स्वस्तात उतरत होते, त्यांच्यातल्या शेती धरून बसलेल्यांना ही योजना पाहुणे म्हणून ओळखतच नव्हती.

गावात हाउबिन्स्कींचं १९०३ मधलं स्मारक आहे. वर डॉक्टरांचा अर्धपुतळा आणि खाली, पायथ्याशी बसलेला, फिडल घेतलेला साबावा हा गुराले कथेकरी. सुरुवातीला मी ते फक्त छायाचित्र म्हणून जपून ठेवलं होतं. आता ते माझ्या दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर आहे.

एक धागा अजून सुटा आहे. १८८६ मध्ये झाकोपानेला हवापालटाचं ठिकाण म्हणून अधिकृत दर्जा मिळाला. चांगल्या हवेच्या गावाने पाहुण्यांकडून रोजचा छोटा कर घ्यायचा, ही पद्धत पोलंडमध्ये आजही आहे. पण हिवाळ्यात कोळशाच्या धुराने ती दरी भरते. एका पर्यटकाने या कराला आव्हान दिलं, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात गाव हरलं: हवा निकषांत बसत नसताना हा कर लावता येत नाही. रक्कम दिवसाला एका चहाइतकीही नाही. तरी पुढचे काही महिने मी या कराच्या मागे लागणार आहे, कारण पाहुण्याने कशाचे पैसे मोजले हे इथे एकदाचं कायद्याच्या भाषेत लिहिलेलं सापडतं.