फोटॉनिक क्रिस्टल म्हणजे काय? मोरपिसाचं हे गुपित प्रकाशाला वळण कसं लावतं?

मोरपिसात निळं किंवा हिरवं रंगद्रव्य नसतंच! असतं ते मेलॅनिन, म्हणजे आपले केस ज्यामुळे काळे दिसतात तेच द्रव्य. मग तो झळाळता निळा रंग येतो कुठून? उत्तर आहे रचनेत. पिसात मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म कांड्या ठरावीक अंतरावर, जाळीसारख्या मांडलेल्या असतात. अशा रचनेला फोटॉनिक क्रिस्टल म्हणतात.

जाळीत नेमकं काय घडतं?

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर असते. जाळीतलं अंतर तिच्या निम्म्याच्या आसपास असेल, तर प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परत फिरतो. एखाद्या रंगाच्या या परतलेल्या लहरी एकमेकींना बळ देतात आणि तोच रंग आपल्याला दिसतो. पुरेसे थर असतील तर त्या रंगाला जाळीत जवळपास प्रवेशबंदीच होते. याला फोटॉनिक बँडगॅप म्हणतात. एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी 1987 मध्ये स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली.

भिंगापेक्षा वेगळं काय?

भिंगात प्रकाश किती वळणार, हे काचेचा अपवर्तनांक आणि तिचा बाक ठरवतो. इथे ते छिद्रांचा आकार आणि त्यांच्यातलं अंतर ठरवतं. मधल्या भागापासून कडेपर्यंत छिद्रांचा आकार हळूहळू बदलत नेला, तर सपाट पट्टीही भिंगासारखा प्रकाश एका बिंदूवर आणते. योग्य जाळीत प्रकाशझोत न पसरता सरळ जातो. 1998 मध्ये जपानी संशोधकांनी तर नेहमीच्या प्रिझमपेक्षा सुमारे 500 पट जास्त रंग फाकवणारं 'सुपरप्रिझम' दाखवलं.

आपल्याला याचा काय उपयोग?

ऑप्टिकल फायबर फार वाकवली की त्यातून प्रकाश निसटतो. पण फोटॉनिक क्रिस्टलमध्ये छिद्रांची एक ओळ गाळली की प्रकाशासाठी वाट तयार होते. आजूबाजूला प्रवेशबंदी असल्याने तो जवळजवळ काटकोनातही वळू शकतो. चिपच्या इवल्याशा जागेत विजेऐवजी प्रकाशाने माहिती वाहून न्यायची, तर हे फार महत्त्वाचं आहे.

मग अडचण कुठे आहे?

अचूकतेत. माणसाचा केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो, आणि इथे काही नॅनोमीटरची चूकही जाळीचं काम बिघडवते. शिवाय एक जाळी ठरावीक रंगांपुरतीच चालते. त्रिमितीय जाळी बनवणं तर आणखी किचकट. मोराच्या पिसात मात्र अशी जाळी दरवर्षी नव्याने उगवते!