वाटाण्याएवढ्या भोकांची जाळी

सिनेमातले कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, ठरलेल्या साच्याचे असते. अंधारे चर्च, कोपऱ्यात लाकडी खोके, त्याच्या एका अंगाला गुडघे टेकलेला माणूस आणि जाळीपलीकडे धर्मगुरूचा अर्धवट दिसणारा चेहरा. पाहणाऱ्याला वाटते, पाप गुपचूप सांगता यावे म्हणूनच हे खोके कुणीतरी घडवले असणार. खरे कारण जवळजवळ उलटे आहे. आत बसलेल्या धर्मगुरूवर चारचौघांची नजर राहावी, म्हणून ते आले. आणि आलेही फार उशिरा. चर्चची पहिली दीड हजार वर्षे या खोक्याशिवाय गेली.

सुरुवातीच्या शतकांत मोठ्या पातकाचे प्रायश्चित्त ही कानात सांगण्याची बाब नव्हती. खून, व्यभिचार, छळाला भिऊन केलेला धर्मत्याग यांसाठी माणसाला सगळ्या मंडळीदेखत प्रायश्चित्त घेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहावे लागे. इ. स. ३२५ च्या निकाया धर्मपरिषदेने, कुणी जबरदस्ती केली नसतानाही धर्म सोडलेल्यांना बारा वर्षांचा हिशेब लावून दिला: तीन वर्षे नुसते श्रवण, सात वर्षे दंडवत, दोन वर्षे प्रार्थनेत सहभाग, पण ख्रिस्तप्रसाद नाही. सम्राटालाही यातून सूट नव्हती. थेसलोनिकातल्या कत्तलीनंतर, इ. स. ३९० मध्ये, मिलानचे बिशप अँब्रोज यांनी सम्राट थिओडोसियसला प्रायश्चित्त घ्यायला लावले.

यातली खरी मेख पुढेच आहे. असे प्रायश्चित्त जन्मात एकदाच मिळे. दुसऱ्यांदा घसरलात तर दार बंद. साहजिकच माणसे हिशेबी झाली आणि हा विधी मरणाच्या दारापर्यंत लांबणीवर टाकू लागली. पावित्र्याची हाक ऐकायची ती शेवटच्या घटकेला, असा व्यवहार होऊन बसला.

ही कोंडी रोममध्ये फुटली नाही, फुटली आयर्लंडच्या मठांत. तिथल्या संन्याशांमध्ये मनातले सगळे एका वडीलधाऱ्यापुढे, आणि पुन्हापुन्हा, उघडे करण्याची रीत होती. अशा सोबत्याला ते ‘आत्म्याचा मित्र’ म्हणत. सहाव्या-सातव्या शतकांत त्यांनी प्रायश्चित्तांच्या चक्क दरसूच्या लिहून काढल्या. कमिअनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूचीत दारू पिऊन झिंगणाऱ्याला पाव आणि पाण्यावर दिवस काढायला सांगितले आहे. तो व्रतस्थ असेल तर चाळीस दिवस, संसारी असेल तर सात. आज हसू येते, पण त्या दरपत्रकाने केलेला बदल मोठा होता. पाप करून उठलेल्या माणसाला परत यायची वाट कितीही वेळा मोकळी झाली. ज्याचे व्रत मोठे त्याला दंडही मोठा, हाही न्याय त्यात आहे.

आयरिश संन्यासी कोलंबानस आणि त्याचे सोबती ही रीत घेऊन युरोपच्या मुख्य भूमीवर उतरले. सगळ्यांना ती रुचली नाही. इ. स. ५८९ मध्ये स्पेनमधल्या टोलेडो परिषदेने वारंवार पाप आणि वारंवार क्षमा या प्रकाराची निंदाच केली. पण लोकांना सोयीचे वाटले ते टिकले. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने तर त्याचा नियम केला: समजत्या वयाच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाने वर्षातून निदान एकदा आपल्या धर्मगुरूपुढे पापे सांगावीत. आणि ऐकलेले फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून कडक मठात जन्मभर डांबावे.

मग ही कबुली होई तरी कुठे? चर्चमध्ये, उघड्यावर. धर्मगुरू खुर्चीत किंवा बाकावर बसे, समोरचा त्याच्या पायाशी किंवा बाजूला गुडघे टेके, आणि मागे ताटकळलेली रांग कान टवकारून असे. दोघांमध्ये हातभराचेही अंतर नसे. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याला उतरले तेव्हाही खोक्याचा पत्ता नव्हता. त्याच वर्षी लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, की आपला मुक्काम इस्पितळात आहे आणि तिथल्या आजाऱ्यांच्या कबुल्या आपण ऐकतो. गोव्यातले कोकणी ख्रिस्ती ज्याला ‘कुमसार’ म्हणतात, त्याच्या या नोंदीत जाळी नाही, पडदा नाही.

हातभराच्या या अंतरातच गैरप्रकारांना जागा होती. कबुलीला आलेल्या बाईला धर्मगुरूनेच अनैतिक मागणी करावी, अशा तक्रारी इतक्या वाढल्या, की १५६१ मध्ये पोप चौथे पायस यांनी स्पेनच्या इन्क्विझिशनला, म्हणजे धर्मन्यायालयाला, अशा धर्मगुरूंवर खटले चालवण्याचा अधिकार दिला. शिक्षेची तजवीज अशी झाली. प्रतिबंधाची तजवीज मात्र याच पोपच्या भाच्याने केली, आणि तीही सुतारकामातून.

चार्ल्स बोरोमिओ मिलानचा आर्चबिशप. शिस्तीचा भोक्ता, बारीकसारीक गोष्टीत नाक खुपसणारा. १५७७ मध्ये त्याने चर्चची इमारत आणि सामानसुमान कसे असावे याचे एक पुस्तकच काढले. त्यात कबुलीच्या आसनाचे वर्णन सुताराला हातात धरून काम करता येईल इतके नेटके आहे. आसन लाकडी फळ्यांचे; पाठ, बाजू आणि वर छत बंद, समोरून उघडे. जागा चर्चच्या मोकळ्या भागात, लोकांच्या नजरेत. मधल्या फळीत एक खिडकी, तिच्यावर लोखंडाचा पातळ पत्रा, पत्र्याला वाटाण्याएवढी भोके. धर्मगुरूच्या बाजूने त्यावर आणखी एक विरळ कापड. आवाज जावा, हात जाऊ नये. गर्दीच्या चर्चमध्ये समोर कुलपाचे जाळीदार दार लावावे, असेही तो सुचवतो. नाहीतर धर्मगुरू नसताना भटके लोक आत येऊन झोपतील! हे वाचले की वाटते, हा माणूस आपल्या चर्चमधून रोज फेरी मारत असणार.

१६१४ च्या रोमन विधिग्रंथाने हे आसन, उघड्या जागी आणि जाळीसह, सर्वत्र नेले. चारी बाजूंनी बंद, नक्षीदार कपाटासारखी रूपे नंतरच्या बरोक सुतारांची करामत. त्या नक्षीने मूळ हेतू झाकला, आणि सिनेमावाल्यांना अंधार मिळाला.

या खोक्यात बसूनच काही माणसे संतपदाला पोचली. फ्रान्समधल्या आर्स या खेड्याचे जाँ व्हियाने (मृत्यू १८५९) दिवसाला सोळा-सोळा तास कबुल्या ऐकत, आणि लांबलांबून माणसे त्या आडगावी येत. पादुआचे लिओपोल्ड मांदिच जेमतेम साडेचार फुटांचे. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांचा मठ कोसळला, कबुली ऐकण्याची त्यांची खोली तेवढी वाचली.

बोरोमिओला भेडसावणारा प्रश्न मात्र लाकडात पुरता बंद झाला नाही. कबुलीत सांगितलेल्या गोष्टींचा धाक दाखवून आपले शोषण केल्याचा आरोप २०१८ मध्ये केरळातल्या एका महिलेने ऑर्थोडॉक्स चर्चच्या धर्मगुरूंवर केला. त्यावर राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षांनी कबुलीची प्रथाच बंद करण्याची शिफारस केली, आणि चर्चमंडळींनी ती ठामपणे नाकारली. खोके म्हणजे पुरेसा बंदोबस्त, असे मानणाऱ्यांना हे प्रकरण अवघड जाते; जाळी हाताला अडवते, ऐकलेल्या गोष्टीचा वापर तिला अडवता येत नाही.

त्याच्या कितीतरी आधीच कॅथलिक चर्चमध्ये जाळीचे दिवस पालटले होते. १९७३ च्या कबुलीच्या नव्या विधीनंतर अनेक ठिकाणी समोरासमोर दोन खुर्च्या मांडलेल्या खोल्या आल्या. १९८३ च्या धर्मविधानाने ज्यांना जाळी हवी त्यांच्यासाठी ती असलीच पाहिजे, असे बजावले. तेव्हा गृहीत धरले होते, की जाळी मागणारा पाप सांगायला आलेला असेल. १९९८ मध्ये व्हॅटिकनने खुलासा केला: समोरच्याने समोरासमोर बसायचे म्हटले, तरी कबुली ऐकणारा धर्मगुरू जाळीचा आग्रह धरू शकतो. बायकांना धर्मगुरूंपासून वाचवायला ठोकलेला पत्रा आता धर्मगुरूही मागून घेऊ लागले.