वॉटसनची इमारत : एका वास्तूचे बदलते व्यवसाय

व्यापारी पेठेतील वास्तू पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते. तिच्यावरील पाट्या मात्र बदलत जातात. वेरूळच्या डोंगरातील ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी धर्मभावनेने कोरली गेली, त्यांना भाडेकरूची कधी चिंता नव्हती. हमरस्त्यावरील इमारतीस ते भाग्य लाभत नाही. तिला आपला धनी दर पिढीला नव्याने शोधावा लागतो. याचे बोलके उदाहरण म्हणजे मुंबईत काळा घोडा येथील वॉटसनची इमारत.

ही वास्तू आपल्या भागातील जुन्या मंडळींना अगदीच परकी नाही. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. तेव्हापासून औरंगाबादचे (आजचे छत्रपती संभाजीनगर) खंडपीठ १९८१ साली सुरू होईपर्यंत उच्च न्यायालयाच्या कामासाठी थेट मुंबई गाठावी लागे. न्यायालयाजवळच्या या इमारतीत वकिलांच्या कचेऱ्या दाटीने भरल्या होत्या. दिवसा मुळजी जेठा मार्केटमध्ये कापडाची खरेदी आणि सायंकाळी वकिलांची भेट, असा दुहेरी फेरा करणाऱ्यांपैकी काहींनी तिचे जिने निश्चितच चढले असतील.

योगायोग असा की, तिचा जन्मही कापडाच्याच व्यवसायातून झाला. जॉन वॉटसन हा मुंबईत स्थायिक झालेला इंग्रज कापड व्यापारी. किल्ल्याचे तट पाडले गेल्यावर मोकळ्या झालेल्या भूमीवर त्याने जागा घेतली, ती आपल्या मालाचे दालन आणि कचेरी थाटण्याच्या विचाराने. पुढे बेत बदलला आणि हॉटेल उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याच्या आराखड्यानुसार ओतीव लोखंडाचा सांगाडा विलायतेत तयार झाला, जहाजाने मुंबईस आला आणि येथे जोडला गेला. पाच मजले, सुमारे १३० खोल्या, मधोमध काचेच्या छताचे दालन! अशा बांधणीची भारतात टिकून राहिलेली ही सर्वांत जुनी बहुमजली इमारत मानली जाते.

हॉटेलची भरभराट मोठी होती. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन १८९६ च्या प्रारंभी येथे उतरला होता. त्याच वर्षी ७ जुलै रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला. तिकीट होते एक रुपया. मुंबईतील या खेळांनी भारावून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर तथा सावेदादा यांनी पुढे कॅमेरा मागविला आणि १८९९ साली कुस्तीचे चित्रण केले. १९०३ साली ताजमहाल हॉटेल सुरू झाले आणि वॉटसनचे तेज ओसरले. जमशेदजी टाटांना येथे प्रवेश नाकारला गेला म्हणून त्यांनी ताज उभारले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. पण तिला भक्कम आधार मिळत नाही. एवढी मोठी गुंतवणूक केवळ मानभंगापोटी कोणी करीत नसतो, हे व्यापाऱ्यास सहज उमजावे.

हॉटेल बंद पडल्यावर इमारत महेंद्र मॅन्शन झाली आणि नंतर एस्प्लनेड मॅन्शन. प्रशस्त खोल्यांत लाकडी आडभिंती घालून लहान लहान गाळे पाडण्यात आले. वकील, टंकलेखक, किरकोळ दुकानदार आणि बिऱ्हाडे असा नवा संसार थाटला गेला. २००५ च्या सुमारास तेथे ५३ कुटुंबे व ९७ व्यावसायिक होते. म्हणजे गिऱ्हाईक तुटले नव्हते. मग वास्तू खचली कशी?

तिच्या ऱ्हासाचे सर्व खापर व्यवसायबदलावर फोडणे योग्य ठरणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सामान्यतः सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूस संरक्षण हवेच होते. परंतु चुना, लोखंड आणि गवंडी यांचे दर काही गोठले नाहीत. वर्षभराच्या भाड्यातून एका सज्जाची डागडुजीही होईना, तेव्हा मालकाचा हात आखडला. भाडेकरू म्हणे, दुरुस्ती मालकाची. २००० सालापासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पण तोवर अनेक इमारतींचे गणित हाताबाहेर गेले होते. ज्या ज्या विश्वस्त संस्थेने हमरस्त्यावरील गाळे जुन्या भाड्याने दिले आहेत, तिला हा जमाखर्च नव्याने समजावून देण्याची आवश्यकता नाही.

जुलै २००५ मध्ये पश्चिमेकडील सज्जांचा भाग कोसळून एकाचा मृत्यू झाला. जागतिक स्तरावरील धोकाग्रस्त शंभर वारसास्थळांच्या २००६ च्या यादीत तिचे नाव आले. तरी दुरुस्ती रेंगाळलीच. अखेर २०१९ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर इमारत रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली, तर वास्तुसंवर्धन तज्ज्ञांनी ती अजूनही सावरता येईल असे मत मांडले. त्या वादात गाळेधारकांनी आपापल्या पाट्या उतरविल्या, दप्तरे बांधली आणि फोर्टमधील दुसऱ्या जागांचा शोध सुरू केला.