सहासष्ट कुपनांचें कपाट

१९४१ च्या जून महिन्याची १ तारीख रविवारीं आली होती. तो विट्सनचा सण. आपल्याकडे दिवाळीला जसे घरोघर नवे कपडे होतात, तशी या सणाला नवा पोषाख करण्याची चाल इंग्लंडांत, विशेषतः उत्तरेकडील गिरणगांवांत, बरीच जुनी होती. त्या दिवशीं सकाळीं नभोवाणीवरून बोर्ड ऑफ ट्रेडचे, म्हणजे व्यापारखात्याचे, अध्यक्ष ऑलिव्हर लिटलटन यांनीं लोकांना सांगितलें कीं, यापुढें कापड, कपडे व पादत्राणें कुपनांवांचून मिळणार नाहींत. रविवार, आणि त्याला लागून आलेला सोमवार सणाच्या सुटीचा. त्यामुळें दुकानें बंद होतीं. दुकानदारांना नियम समजून घेण्यास दोन दिवस मिळाले. गिऱ्हाइकांना दुकानाकडे धांव घेण्यास मात्र एक तासहि मिळाला नाहीं.

ही गोष्ट फुटूं न देणें हेंच या योजनेंतील सर्वांत अवघड काम होतें. आगाऊ सुगावा लागला असता तर ज्यांच्या गांठीं पैसा होता त्यांनीं आठ दिवसांत दुकानें रिकामीं केलीं असतीं. कपड्यांचीं निराळीं कुपनें छापावयास घ्यावीं, तर छापखान्यांतूनच वार्ता बाहेर पडावयाची. तेव्हां एक युक्ति काढण्यांत आली. लोकांच्या हातीं असलेल्या शिधापुस्तिकेंत मार्गारीनच्या, म्हणजे कृत्रिम लोण्याच्या, नांवाचीं २६ कुपनें वापरल्यावांचून शिल्लक होतीं. प्रारंभीं तींच कपड्यांसाठीं चालवावीं असें ठरलें. लोण्याच्या कुपनावर पायमोजे घेण्याचा हा प्रकार विलक्षण खरा, पण त्यानें गुप्तता राहिली.

पंतप्रधान चर्चिल यांना ही कल्पनाच पसंत नव्हती. युद्धाच्या हालअपेष्टांत लोकांच्या अंगावर चिंध्या याव्या हें त्यांना रुचेना. बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचा पाठलाग चालला असतां त्यांचें सारें लक्ष तिकडे गुंतलें होतें, आणि त्याच सुमारास त्यांची संमति पदरांत पाडून घेतली, असें लिटलटन यांनीं पुढें आपल्या आठवणींत सांगितलें आहे. कारणें मात्र सरळ होतीं. कापूस व लोंकर जहाजांनीं यावयाची, आणि जहाजें जर्मन पाणबुड्या बुडवीत होत्या. देशांतील सुमारें चतुर्थांश लोकांना या ना त्या प्रकारचा गणवेष घालण्याचा अधिकार होता. त्या गणवेषांसाठीं कापड हवें होतें. शिवाय कापडाच्या गिरण्यांतील माणसें दारूगोळ्याच्या कारखान्यांकडे वळवावयाचीं होतीं. बाजारावरच सारें सोंपविलें असतें तर भावच चढत गेले असते, आणि भाव चढले म्हणजे कोणाच्या अंगावर कापड राहतें व कोणाच्या राहत नाहीं, हें सांगावयास अर्थशास्त्री लागत नाहीं.

पहिल्या वर्षासाठीं प्रत्येक माणसाला ६६ कुपनें मिळालीं. सरदाराला तेवढींच आणि कोळशाच्या खाणींतील मजुरालाहि तेवढींच. पैसे द्यावयाचे ते निराळे. कूपन म्हणजे नुसता विकत घेण्याचा परवाना. एका पुरुषाचा हिशेब करून पाहावा. कोट, जाकीट व पाटलोण मिळून लोंकरी सूट, त्याला १३, ५ व ८, म्हणजे २६ कुपनें. अस्तराचा ओव्हरकोट १६. बुटांचा एक जोड ७. दोन साधे शर्ट, प्रत्येकीं ५ प्रमाणें १०. पायमोज्यांचे दोन जोड, प्रत्येकीं ३ प्रमाणें ६. येथवर ६५ झालीं. उरलेल्या एका कुपनांत गळपट्टा घ्यावा, नाहीं तर दोन हातरुमाल घ्यावे. रात्रीं घालावयाचा पायजमा-सदरा पाहिजे असेल तर त्याला ८ कुपनें, तीं पुढच्या वर्षीं! आंतल्या कपड्यांचें नांवहि या यादींत आलें नाहीं. टोप्यांना मात्र कूपन नव्हतें. त्यामुळें माणसाचें डोकें हाच शरीराचा काय तो भाग सरकारच्या तडाख्यांतून सुटला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

असा हिशेब घरोघर सुरू झाला तेव्हां लोकांनीं प्रथम आपापलीं कपाटें उघडलीं. आंत काय आहे, त्यांतलें अंगाला कोणतें येतें, कोणतें उगीच वर्षानुवर्षें टांगलेलें आहे, कशाचें काय होऊं शकेल, या प्रश्नांचा विचार ज्या घरांत कधीं झाला नव्हता तेथेंहि तो झाला. नवें घ्यावयाचें तर तें रोज वापरतां येईल, दोन-तीन जुन्या कपड्यांवर शोभेल, थंडींत ऊब देईल आणि धुवून लवकर मळणार नाहीं, असें पाहूनच घ्यावें लागे. एकाच समारंभाचा झगा घेऊन ११ कुपनें गमावण्याची छाती फार थोड्यांना होती.

पण कपाटें उघडल्याबरोबर या समान वांटणींतील मोठी विषमता उघडकीस आली. कुपनें सर्वांना सारखीं होतीं. कपाटें सारखीं नव्हतीं. ज्या बाईच्या घरीं युद्धापूर्वींचे उत्तम लोंकरीचे चार कोट टांगलेले होते तिला ६६ कुपनें म्हणजे वरखर्चाची रक्कम. ज्या मजुराच्या बायकोपाशीं अंगावरचें एक व दोरीवरचें एक एवढेंच होतें, तिला त्याच ६६ कुपनांत सारा संसार उभा करावयाचा. दुसरी गोष्ट याहूनहि बोंचक होती. बूट भारी असो वा हलका असो, कुपनें तींच. श्रीमंताचा बूट तीन वर्षें टिके; गरिबाच्या स्वस्त बुटाचा तळ एका पावसाळी हिवाळ्यांत सुटे. म्हणजे गरिबाचीं कुपनेंहि श्रीमंताच्या कुपनांपेक्षां लवकर झिजत. वांटणीचा न्याय हा केवळ मोजदादीचा न्याय नव्हे, हें व्यापारखात्याला थोडक्याच दिवसांत कळून चुकलें. अंगमेहनत करणाऱ्या कामगारांना कांहीं जादा कुपनें देण्यांत आलीं. वाढत्या मुलांसाठींहि सवलती झाल्या, आणि स्त्रियांच्या स्वयंसेवक संस्थेनें लहान मुलांच्या कपड्यांचीं अदलाबदल-केंद्रें उघडलीं. मुलाचा आखूड झालेला कोट तेथें द्यावा व दुसऱ्या मुलाचा मोठा कोट घ्यावा, असा तो व्यवहार होता.

खरा उपाय मात्र निराळाच होता, आणि तो या सर्व हकीकतींतील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. सरकारनें ‘युटिलिटी’ या नांवानें उपयुक्त कपड्यांची योजना काढली. कापडाचा पोत, वजन व टिकाऊपणा यांचीं मानें ठरवून दिलीं, किंमत बांधून दिली आणि त्या मालावर ‘सीसी ४१’ अशी खूण घालण्यास सांगितलें. दोन गोल व त्यांतून कापून काढलेली फांक अशी ती खूण असल्यामुळें लोक तिला थट्टेनें चीजचे तुकडे म्हणत. पुढें या मालावरील विक्रीकरहि काढून टाकण्यांत आला. योजना भरांत आली तेव्हां देशांतील कपड्यांच्या उत्पादनाचा सुमारें चार-पंचमांश भाग या खुणेखालीं निघूं लागला. गरिबाच्या मुलाला पूर्वीं कधीं मिळाला नसता असा धड कापडाचा कोट या खुणेनें मिळवून दिला, आणि कुपनांतील जो अन्याय वर सांगितला तो यामुळें बराच बोथट झाला.

सरकारी कपडा म्हणजे गोणपाट, अशी लोकांची समजूत होऊं नये म्हणून १९४२ सालीं व्यापारखात्यानें लंडनमधील नामांकित पोषाखकारांकडून नमुने करवून घेतले. राणीचे कपडे बेतणारे नॉर्मन हार्टनेल, तसेच हार्डी एमिस, डिग्बी मॉर्टन, व्हिक्टर स्टीबेल हे त्यांत होते. कापड मोजकें, गुंड्या मोजक्या, घड्या मोजक्या, आणि तरी बाईला घालावेसें वाटेल असें कांहीं करून दाखवा, अशी त्यांना अट होती. कात्रीची परीक्षा अशा वेळींच होते. सरळ खांदा, गुडघ्याजवळ थांबणारा घागरा, कमरेशीं बेतशीर बसणारा कोट, असे ते नमुने झाले, व त्यांवरून हजारों कपडे शिवून दुकानांत आले.

त्याच वर्षीं काटकसरीचे नियमहि आले. खिशांची व गुंड्यांची संख्या ठरली, छातीवर दुहेरी येणारा कोट बंद झाला, स्त्रियांच्या आंतल्या कपड्यांवरील भरतकाम व लेस बंद झाली, बुटांची टांच दोन इंचांहून उंच करावयाची नाहीं असें ठरलें. हें सारें लोकांनीं सोसलें. पण पाटलोणीच्या पायाशीं असणारी दुमड जेव्हां बंद झाली तेव्हां मात्र इंग्लंडांतील पुरुषवर्ग खवळला! ज्यांनीं रात्रींच्या रात्रीं बाँबच्या वर्षावांत काढल्या, त्यांना दीड-दोन इंच कापडाची ती निरुपयोगी घडी सोडवेना. त्या वेळीं व्यापारखात्याचे अध्यक्ष असलेले ह्यू डाल्टन यांनीं या बंदीचें समर्थन केलें. तरीहि कित्येकांनीं मुद्दाम लांब पाटलोण विकत घ्यावी आणि घरीं नेऊन ती दुमडून घ्यावी, असा मार्ग काढला. अखेर १९४४ च्या आरंभीं पुरुषांच्या कपड्यांवरील हे निर्बंध उठविले गेले. माणूस गरजेची वस्तु सोडील, पण प्रतिष्ठेची खूण सोडतांना कांकूं करील. पगडीच्या बाबतींत आपल्या आजोबा-पणजोबांनीं याहून निराळें काय केलें?

स्त्रिया याहून शहाण्या ठरल्या. कारखान्यांत यंत्रांशेजारीं मोकळे केस धोक्याचे, म्हणून डोक्याला रुमाल बांधला. टोपीला कूपन नव्हतें तरी टोप्यांचा खप त्यामुळें वाढला असें झालें नाहीं. रेशीम हवाई छत्र्यांकडे गेल्यावर लांब पायमोजे दुर्मिळ झाले, तेव्हां पायांना तपकिरी रंग फांसून मागच्या बाजूस भुंवयांच्या पेन्सिलीनें शिवणीची रेघ ओढण्यापर्यंत कित्येकींची मजल गेली. हा नखऱ्याचा भाग झाला. खरा पालट पाटलोणीचा. रात्रीं भोंगा झाला कीं आश्रयस्थानाकडे धांवावयाचें, दिवसा शेतांत किंवा कारखान्यांत राबावयाचें. त्याला पाटलोणीइतका सोयीचा व उबदार पोषाख नव्हता. पति सैन्यांत गेलेला असे, त्याचे कपडे कपाटांत असत. कित्येकींनीं तेच घातले किंवा उसवून आपल्या मापाचे केले. स्वतः चर्चिलहि एका अखंड, पुढून सांखळीनें बंद होणाऱ्या सैल पोषाखांत वावरत. भोंगा होतांच अंगांत चढवितां यावा म्हणून त्याला भोंग्याचा सूट असेंच नांव पडलें होतें. मात्र चर्चिल यांच्या अशा पोषाखांत मखमलीचेहि होते, आणि ते नामांकित दुकानांतून शिवून येत.

१९४३ सालीं जुन्यापासून नवें करण्याची शिकवण देणारी एक पुस्तिका सरकारनें प्रसिद्ध केली. कोपर फाटला तर कातड्याचें ठिगळ कसें लावावें, कसरीपासून लोंकर कशी राखावी, पुरुषाच्या सुटांतून स्त्रीचा कोट व घागरा कसा काढावा, हें सारें तींत होतें. गांवोगांव शिवणाचे वर्ग निघाले. महाराष्ट्रांतील एखाद्या आजीबाईंना ती पुस्तिका वाचून दाखविली असती तर त्यांना यांत शिकण्यासारखें काय आहे असेंच वाटलें असतें. जुन्या लुगड्याचें मुलीला परकर-पोलकें, तें विरलें कीं गोधडी, गोधडीच्या चिंध्या झाल्या कीं पोतेरें, ही परंपरा आपल्या घरांत सरकारी पुस्तिकेवांचून चालत आलेली होती.

कपड्यांची टंचाई इकडेहि त्याच काळांत आली. मुंबईच्या गिरण्यांचें पुष्कळसें कापड लष्कराकडे जाऊं लागलें, भाव भडकले, आणि १९४३ च्या जूनमध्यें हिंदुस्थान सरकारनें कापड व सूत यांच्या नियंत्रणाचा हुकूम काढला. कापडावर किंमतीचा शिक्का आला. वस्त्र-आयुक्तांचें कार्यालय मुंबईंत उघडलें. पण येथें आधीं किंमत बांधली गेली; प्रत्येकाच्या वांट्याचा प्रश्न मागाहून व प्रांतोप्रांतीं निरनिराळ्या रीतीनें हातीं घेतला गेला. शिक्क्याची किंमत एक आणि दुकानाच्या मागच्या दाराची किंमत दुसरी, असा अनुभव त्यामुळें जागोजागीं आला. इंग्लंडांतहि चोरटा बाजार होता, कुपनें चोरलीं जात व खोटींहि निघत. तथापि ज्याच्या हातीं कूपन होतें त्याला त्याचा वांटा बहुधा मिळत होता.

युद्ध संपलें तरी कुपनें संपलीं नाहींत. उलट १९४५ च्या सप्टेंबरपासून पुढील आठ महिन्यांकरितां अवघीं २४ कुपनें मिळालीं, म्हणजे महिन्याला तीन. सैन्यांतून मोकळ्या होणाऱ्या शिपायाला सरकार सूट, शर्ट, बूट, टोपी असा सारा पोषाख देत असे. घरच्या कपाटांतील त्याच्या जुन्या सुटाचें काय झालें आहे, हें त्याला घरीं गेल्यावर कळावयाचें. १९४७ च्या फेब्रुवारींत पॅरिसला ख्रिस्तियां दिओर यानें बारीक कमरेचे व वारेंच्या वारें कापड खाणाऱ्या लांब घागऱ्यांचे नमुने मांडले. व्यापारखात्याचे तेव्हांचे अध्यक्ष सर स्टॅफर्ड क्रिप्स यांचा त्या उधळपट्टीवर रोष झाला. तरुण स्त्रियांना मात्र सहा वर्षांच्या आखूड घागऱ्यांनंतर तें दृश्य अमृतासारखें वाटलें, आणि याबद्दल त्यांना कोणीं दोष देऊं नये. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह झाला. त्यांच्या वस्त्रासाठीं लोकांनीं आपलीं कुपनें प्रेमानें पाठविलीं. परंतु एकाचें कूपन दुसऱ्यानें वापरणें बेकायदा असल्यामुळें तीं परत करावीं लागलीं.

१५ मार्च १९४९ रोजीं हॅरल्ड विल्सन व्यापारखात्याचे अध्यक्ष असतांना कपड्यांचें रेशनिंग उठलें. ‘सीसी ४१’ ची खूण १९५२ पर्यंत चालली. पोषाखकारांनीं १९४२ सालीं बेतलेल्या त्या कपड्यांचा संच मात्र त्याच वर्षीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला देण्यांत आला होता. राजेरजवाड्यांच्या जरतारी वस्त्रांच्या त्याच संग्रहांत, ठराविक कुपनांचे व मोजक्या गुंड्यांचे ते साधे लोंकरी कोटहि आतां जपून ठेवलेले आहेत.