परतीचे जहाज : स्वालबार्डमधील पायी प्रवासाचा इतिहास

नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर, ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, स्वालबार्ड हा द्वीपसमूह पसरलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ एक-पंचमांश असून त्यातील निम्म्याहून अधिक भाग हिमनद्यांखाली आहे. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीकडे जाणारा रस्ता तेथे आजही नाही, आणि सावलीला उभे राहावे असे झाडही नाही. अशा भूमीवर हिंडायचे तर पायी किंवा घसरगाडीवरूनच हिंडावे लागते, आणि त्यामुळे चार शतकांत ज्यांनी ज्यांनी तेथे चालण्याचा बेत आखला, त्यांना अंतर, चढ-उतार किंवा वाट यांच्या आधी एक वेगळाच प्रश्न सोडवावा लागला : आपल्याला परत न्यायला कोण येणार आणि केव्हा. हा प्रश्न ज्यांनी नीट सोडवला ते बहुधा परतले, आणि ज्यांचे उत्तर चुकले त्यांच्या हाती कितीही उत्तम सामग्री असली तरी ती फारशी कामी आली नाही.

या प्रश्नाची धार समजण्यासाठी तेथील समुद्र समजून घ्यावा लागतो. अटलांटिकमधून वर सरकणारा उबदार प्रवाह स्पिट्सबर्गन या सर्वांत मोठ्या बेटाचा पश्चिम किनारा उन्हाळ्यात मोकळा ठेवतो, तर पूर्व किनाऱ्याला उत्तरेकडून येणारे थंड पाणी आणि त्याबरोबर वाहत येणारे तरंगते बर्फ वेढून असते. शिडाच्या जहाजांना म्हणून पश्चिमेकडील फ्योर्डांमध्ये, म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या आणि समुद्राने भरलेल्या खोल दऱ्यांमध्ये, फक्त उन्हाळ्याचे काही महिने शिरता येत असे. पुढे बर्फाची दिशा बदलली की दार बंद, ते थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.

विलेम बारेंट्स या डच दर्यावर्दीला १५९६ साली हे बेट दिसले आणि त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांतच तेथे इंग्रज व डच व्हेलशिकाऱ्यांची गर्दी उसळली. किनाऱ्यावर मोठमोठ्या तांब्याच्या कढया मांडून व्हेलची चरबी वितळवण्याचा हा धंदा पूर्णपणे उन्हाळी होता, आणि हिवाळा तेथे काढणे म्हणजे मरण, अशी दोन्ही देशांच्या खलाशांची ठाम समजूत होती. १६३० साली एडवर्ड पेलहॅम हा इंग्रज खलाशी आणि त्याचे सात सोबती यांना त्यांच्या कप्तानाने रेनडियरच्या शिकारीसाठी किनाऱ्यावर उतरवले. बर्फ आणि खराब हवा यांमुळे जहाज दूर गेले, ठरलेल्या जागी ते सापडले नाही, आणि वल्ही मारत बेलसुंड या फ्योर्डात पोहोचेपर्यंत सगळा ताफा इंग्लंडकडे निघून गेलेला होता. या आठ जणांनी जे केले ते ध्रुवीय प्रवासाच्या नियोजनाचा पहिला खरा धडा मानावा लागेल, जरी तो धडा त्यांनी स्वखुशीने गिरवला नव्हता. कंपनीच्या मोठ्या लाकडी शेडच्या आत त्यांनी दुसरे लहान घर उभारले, त्यासाठी चरबीच्या भट्ट्यांच्या विटा उपसून आणल्या, साठवलेले मांस मोजून आठवड्याचे वार वाटून घेतले, आणि काही वारी चरबी वितळवल्यानंतर उरलेला चोथा खाऊन मांस वाचवले. अस्वल मारून त्याचे काळीज खाल्ल्यावर त्यांच्या अंगाची साल निघाली, असे पेलहॅमने लिहून ठेवले आहे. ध्रुवीय अस्वलाच्या यकृतात अ जीवनसत्त्व विषारी ठरावे इतके साठलेले असते, याचा उलगडा होण्यास त्यानंतर तीन शतके जावी लागली. १६३१ च्या मे महिन्यात पहिली जहाजे आली तेव्हा आठही जण जिवंत होते. उलट १६३४-३५ च्या हिवाळ्यात याच द्वीपसमूहात मुद्दाम, तयारीनिशी ठेवलेली सात डच माणसे स्कर्व्हीने, म्हणजे ताज्या अन्नातील क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, एकजात मेली. पेलहॅमच्या लोकांना ताजे मांस मिळवावेच लागले, हेच त्यांचे दैव.

रशियाच्या श्वेत समुद्राकाठच्या पोमोर शिकाऱ्यांनी ही गोष्ट अधिक पक्की ओळखली होती आणि ते मुद्दाम हिवाळा काढण्यासाठी येत. तरीही १७४३ साली त्यांच्यापैकी चौघे बर्फात अडकलेल्या जहाजातून उतरून एका जुन्या झोपडीचा शोध घेण्यासाठी एडगेओया या पूर्वेकडील बेटावर गेले, आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर परतले तेव्हा जहाजाचा मागमूस उरला नव्हता. एका रात्रीपुरते म्हणून त्यांनी एक बंदूक, बारा बार भरता येतील एवढी दारू, कुऱ्हाड, किटली, सुरी आणि थोडे पीठ घेतले होते. बारा बारांत बारा रेनडियर मारून झाल्यावर किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांच्या फळ्यांतले खिळे-आकडे काढून त्यांनी भाल्याची पाती घडवली, सैबेरियाच्या नद्यांनी समुद्रात लोटलेल्या आणि प्रवाहाबरोबर वाहत आलेल्या लाकडांवर शेकोटी जागती ठेवली, आणि सहा वर्षे काढली. १७४९ मध्ये एका जहाजाने त्यांना उचलले तेव्हा चौघांतले तिघे उरले होते. रेनडियरचे ताजे रक्त पिण्यास जो तयार झाला नाही तोच स्कर्व्हीने गेला, असे त्यांची हकिकत लिहिणाऱ्या ल रुआ याने नोंदवले आहे.

साधनांची रेलचेल झाली म्हणून हा प्रश्न सुटला नाही, याचा पुरावा १८७२-७३ च्या हिवाळ्यात मिळतो. बर्फात अडकलेल्या नॉर्वेजियन जहाजांवरील सतरा खलाशी कॅप थोर्डसेन येथील एका भक्कम स्वीडिश घरात आश्रयाला गेले. घरात कोळसा होता, शिधा भरपूर होता, डबाबंद अन्न होते, आणि तरीही पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सतराही जण मेले. शंभर वर्षांहून अधिक काळ याचे खापर स्कर्व्हीवर आणि खलाशांच्या आळसावर फोडले गेले. २००८ साली त्यांच्या अवशेषांची तपासणी झाली तेव्हा डब्यांच्या सांध्यांतील शिशाचे विष त्यांच्या हाडांत सापडले. मृतांवर आळसाचा शिक्का मारणाऱ्यांनी डबे तपासण्याची तसदी इतकी वर्षे घेतली नाही, ही या प्रकरणातील सर्वांत लाजिरवाणी बाब होय.

केवळ चालण्यासाठी म्हणून स्वालबार्डला जावे, ही कल्पना मात्र १८९६ साली प्रत्यक्षात आली, आणि तिच्यामागे हिमालय होता. मार्टिन कॉन्वे या इंग्रज गिर्यारोहकाने १८९२ मध्ये काराकोरममधील हिस्पार, बियाफो आणि बाल्टोरो या प्रचंड हिमनद्या पायी पालथ्या घातल्या होत्या. त्यानंतर चार वर्षांनी त्याने स्पिट्सबर्गनचा आतला भाग ओलांडण्याचे ठरवले, कारण तोवर नकाशांवर केवळ किनारा रेखलेला होता आणि मध्यभाग ग्रीनलंडप्रमाणे अखंड बर्फाखाली असावा, असा अनेकांचा समज होता. भूगर्भशास्त्रज्ञ ग्रेगरी आणि गारवूड यांना बरोबर घेऊन, तट्टांना घसरगाड्या जोडून तो अॅडव्हेंट फ्योर्डातून पूर्व किनाऱ्याकडे निघाला. समोर अखंड बर्फाऐवजी चिखल आला. तेथील जमीन खोलवर कायम गोठलेली असते, उन्हाळ्यात फक्त वरचा थर विरघळतो आणि खाली पाणी मुरायला वाव नसल्याने दऱ्यांचे तळ दलदल होऊन बसतात. वितळणारे बर्फही वरून कोरडे आणि आत पाण्याने भरलेले असते, त्यात तट्टे पोटापर्यंत रुतत आणि बर्फासाठी बनवलेल्या गाड्या दगडगोट्यांवरून ओढाव्या लागत. काराकोरमचा अनुभव येथे निम्माच उपयोगी पडला. तरीही मंडळी पूर्व किनाऱ्यावर पोहोचून परतली, आणि स्पिट्सबर्गनचा मध्यभाग मोकळ्या दऱ्यांचा आहे हे सिद्ध झाले.

कॉन्वेच्या यशाचे श्रेय त्याच्या चिकाटीइतकेच त्या उन्हाळ्यातील एका व्यापारी घटनेलाही द्यायला हवे, पण ते क्वचितच दिले जाते. एका नॉर्वेजियन कंपनीने त्याच वर्षी हामरफेस्टहून आठवड्याला एक आगबोट सुरू केली आणि अॅडव्हेंट फ्योर्डाच्या तोंडाशी प्रवाशांसाठी लहानसे हॉटेल बांधले. हॉटेल थोड्याच उन्हाळ्यांत बंद पडले. पण या भूमीवर परतीचे जहाज वेळापत्रकाने येऊ शकते, हे त्या आगबोटीने पहिल्यांदा दाखवले.

कॉन्वेच्या अगदी उलट टोकाला स्वीडिश अभियंता सालोमोन आन्द्रे उभा आहे. स्वालबार्डच्या वायव्य कोपऱ्यातून ११ जुलै १८९७ रोजी तो दोन साथीदारांसह वायूच्या फुग्यातून ध्रुवाकडे निघाला, आणि तीन दिवसांच्या आत फुगा बर्फावर उतरला. तिघांनी प्रत्येकी दीडशे किलोंहून अधिक ओझ्याच्या घसरगाड्या ओढत आग्नेयेकडील फ्रान्झ जोसेफ लँडची वाट धरली, कारण तेथे शिध्याचा साठा ठेवलेला होता. पण ते ज्या बर्फावर चालत होते तेच पश्चिमेकडे वाहत होते, त्यामुळे दिवसभराची चाल मोजली की पदरात जवळजवळ काही पडत नसे. दिशा बदलून ते दुसऱ्या साठ्याकडे वळले, तर प्रवाहही बदलला. अखेर क्वितओया या उजाड बेटावर ते पोहोचले आणि तेथेच संपले. त्यांचे अवशेष, रोजनिश्या आणि छायाचित्रांच्या फिल्म १९३० साली सापडल्या. त्यांचे साठे योग्य जागी होते, पण त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग नियोजनात नव्हता.

विसाव्या शतकात कोळशाने चित्र पालटले. जॉन मन्रो लाँगयिअर या अमेरिकन उद्योजकाच्या कंपनीने १९०६ पासून खाणवस्ती उभारली, तीच आजची लाँगयिअरब्येन. याच काळात नॉर्वेजियन फासेपारध्यांनी कोल्हे आणि अस्वलांसाठी एक मुख्य झोपडी आणि तिच्यापासून दिवसा-दिवसाच्या चालीवर लहान उप-झोपड्या अशी रचना रूढ केली; हिल्मार न्योइस या पारध्याने अशा झोपड्यांच्या आधारे तब्बल ३८ हिवाळे काढले. हिमालयाशी जुळलेला धागाही उलट्या दिशेने फिरला : १९२३ साली ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या मोहिमेत नोएल ओडेलबरोबर स्पिट्सबर्गनवर घसरगाडी ओढणाऱ्या सँडी अर्विनची चिवटाई पाहून ओडेलने त्याचे नाव एव्हरेस्ट मोहिमेसाठी सुचवले, आणि जून १९२४ मध्ये जॉर्ज मॅलरी या गिर्यारोहकासह तो तेथे नाहीसा झाला.

९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या करारान्वये द्वीपसमूहावर नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य झाले आणि करारातील देशांच्या नागरिकांना तेथे समान प्रवेश मिळाला. सह्या करणाऱ्यांत ब्रिटिश साम्राज्याच्या वतीने भारताचाही उल्लेख होता. १९७५ साली धावपट्टी झाली, ती नेमकी १८९६ चे ते हॉटेल उभे होते त्याच भूशिरावर. आता पायी जाणाऱ्याचा बेत राज्यपालांच्या कार्यालयापासून सुरू होतो : मध्य स्पिट्सबर्गनच्या नेमून दिलेल्या क्षेत्राबाहेर जायचे असल्यास आगाऊ कळवावे लागते आणि शोध व सुटकेच्या खर्चाचा विमा किंवा बँकेची हमी द्यावी लागते. १९७३ पासून संरक्षित असलेल्या अस्वलांना पळवून लावण्याचे साधन बरोबर हवेच, तंबूभोवती पाय अडकताच फटाका उडवणारी तार ताणायची, आणि तारेवर विसंबून न राहता पाळीपाळीने पहारा द्यायचा. २०२५ पासून अस्वलापासून ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जूनपर्यंत ५०० मीटर, अंतर राखणे बंधनकारक आहे. पारध्यांच्या झोपड्यांचा आसरा मात्र गृहीत धरता येत नाही, कारण १९४६ पूर्वीची मानवनिर्मित प्रत्येक वस्तू, गंजलेल्या खिळ्यापर्यंत, वारसा म्हणून जपली जाते.

भारताचे हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८ पासून स्वालबार्डमधील नी-ओलेसुंड येथे आहे आणि त्याचा कारभार गोव्यातील वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राकडे आहे. स्वालबार्डसाठी भारतीय प्रवाशाला व्हिसा लागत नाही. पण हा द्वीपसमूह शेंगेन क्षेत्राबाहेर असून तेथे जाणारी विमाने नॉर्वेमार्गेच जातात, म्हणून परतताना नॉर्वेत पुन्हा शिरणे हा दुसरा प्रवेश धरला जातो. त्यामुळे तिकडे निघणाऱ्याने शेंगेन व्हिसा दोन किंवा अधिक प्रवेशांचाच मागून घ्यावा.