किल्लारी भूकंप : मानसिक पुनर्वसन

किल्लारी (ता. औसा, जि. लातूर) परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३.५६ वाजता झालेल्या भूकंपातून वाचलेल्यांवरील मानसिक आघात व त्यातून त्यांचे सावरणे. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. मृतांचा आकडा नोंदींनुसार सुमारे आठ ते दहा हजार.

आघात : आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे झोपेत असताना दगडमातीच्या जाड भिंती व माळवदे अंगावर कोसळली. पुढे बरीच वर्षे लोक दगडी घरात झोपायला धजत नसत. वाडा उभा असला तरी बिऱ्हाड शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या पाहणीत (प्रसिद्धी १९९६) तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांत मनोविकार आढळले. आघातोत्तर तणाव व नैराश्य प्रमुख. पाहणी लहान होती, त्यामुळे हे प्रमाण सर्व भूकंपग्रस्तांना लावणे योग्य नाही.

वसाहत : घरे जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची मिळाली. काही गावांत घरांची मांडणी या आकारांनुसार झाल्यामुळे भावकी व जुना शेजार विखुरला. दुःखात ज्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे ती माणसेच लांब गेली. पुनर्वसनाच्या हिशेबात ही हानी धरली गेली नाही, हा त्यातील सर्वांत मोठा दोष होय.

सहभाग : सावरण्याचा सर्वांत चांगला नोंदलेला भाग स्थलांतर न झालेल्या गावांतील घरदुरुस्तीचा आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या कार्यक्रमात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने (तत्कालीन प्रमुख प्रेमा गोपालन) सुमारे १,३०० गावांत महिलांना ‘संवाद सहायक’ नेमले. अनुदानाचे हप्ते, सिमेंटची खरेदी, गवंड्याच्या कामावर देखरेख, भिंतींना भूकंपरोधक पट्टे घालणे ही कामे त्या शिकल्या आणि शेजारणींना समजावू लागल्या. भिंत कशाने टिकते हे हाताने करून कळल्यावर घराविषयीची धास्ती ओसरायला मदत होते. नुसत्या समुपदेशनाने ते साधले नसते. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर यांतील काही महिला तेथील बायकांना धीर द्यायला व कामाची माहिती सांगायला गेल्या.

मुले : भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले.

धोरण : आपत्तीतील मनोसामाजिक आधाराविषयी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रसिद्ध झाली.